उमाजीची उमेदवारी

उमाजी होळीनंतर चांद्याला आला तेव्हा त्याच्या हातात एक पत्र्याची पेटी होती आणि खिशात ट्रक चालवायचं नवं कोरं लायसन. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. उमाजीचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे, तलावाच्या काठी. बाप-आजा जातीचे ढिवर, तलावात जाळं टाकून जगलेले. उमाजीला मात्र लहानपणापासून इंजिनाचं वेड. कुरखेड्याला येणाऱ्या मोटारीवर तो आधी सामान चढवायला लागला, मग क्लीनर झाला, आणि ड्रायव्हरची मनधरणी करत करत स्टेअरिंगही हातात घ्यायला शिकला. लायसन मिळालं त्या दिवशी गावात त्याच्या बापाने त्याला पहिल्यांदा 'तुझं तू पाह्य' असं म्हटलं होतं, आणि ते रागाने नव्हतं.

जटपुरा गेटच्या बाहेर लाकडाच्या एका ठेकेदाराचं मोठं आवार होतं. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान ट्रकांवर लादून तिथे येई आणि तिथून रेल्वेने बाहेर जाई. उमाजीला तिथे काम मिळालं, पण ट्रक लगेच मिळणार नव्हता. मॅनेजरसाहेबांनी त्याला उभ्या उभ्या कंपनीच्या रीती सांगितल्या. जंगलात कोणालाही गाडीत बसवायचं नाही. मोहाची दारू प्यायलेला आढळला तर त्याच दिवशी घरी. घाट उतरताना तेल वाचवायला गियर काढून गाडी मोकळी सोडायची नाही. लाकडं बांधलेली साखळी हमालांवर सोडून द्यायची नाही, स्वतः ओढून पाहायची. आणि शेवटची रीत ही, की नव्या माणसाने पावसाळा लागेपर्यंत जुन्या ड्रायव्हरसोबत उमेदवारी करायची. मग साहेब स्वतः बोलावून चार प्रश्न विचारतील. उत्तरं पटली तर पुढच्या हंगामात ट्रक.

ज्याच्यासोबत उमाजीला दिलं तो जहीर उस्ताद. पन्नाशी उलटलेला, उंच, हाडकुळा माणूस. लढाईच्या दिवसांत त्याने फौजेच्या लॉऱ्या चालवल्या होत्या आणि आलापल्लीच्या वाटेवर त्याच्याइतका जुना कोणी नव्हता. पहिल्या दिवशी त्याने उमाजीला स्टेअरिंगला हातही लावू दिला नाही. गाडीभोवती फिरायला लावलं. प्रत्येक चाकावर हात ठेवायला लावला. लाकडं भरल्यावर उमाजीला त्या ढिगावर चढवून बसवलं आणि सांगितलं की पहिला मैलभर इथेच बस, कोणतं लाकूड हलतं ते तुझ्या बुडाला कळेल. उमाजीला वाटलं हा आपली थट्टा करतोय. पण एका वळणावर खालचं एक लाकूड खरंच कण्हल्यासारखं वाजलं आणि किंचित सरकलं. उमाजीने टपावर थाप मारली. जहीरने गाडी थांबवली, साखळी पुन्हा आवळली आणि त्याला खाली केबिनमध्ये बसायला बोलावलं.

तसा तो बोलतच नसे फारसा. शिकवायचं ते करायला लावून शिकवी. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडावी लागे. पूल नव्हता. उन्हाळ्यात पात्र सुकलं की वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून गाड्यांसाठी वाट करत. उमाजीच्या हातात गाडी आली आणि पहिल्याच वेळी तो गांगरला. चाक तट्ट्यावरून घसरलं. गाडी निघावी म्हणून त्याने जोर दिला, तसतसं चाक वाळूत आणखी रुतत गेलं. मागे दुसऱ्या गाड्या खोळंबल्या, ड्रायव्हर ओरडायला लागले. जहीर शांतपणे खाली उतरला. उमाजीलाही उतरवलं. टायरमधली थोडी हवा सोडायला लावली, हातांनी वाळू उपसायला लावली, आणि काम अर्ध्यावर आलं असताना त्याला थांबवून नदीकाठच्या सावलीत बसवलं. फडक्यात बांधलेल्या चपात्या आणि कांद्याची चटणी पुढे ठेवली. जहीरची बायको नजमा दोघांपुरतं बांधून देत असे. उमाजी चांद्यात एकटाच आहे हे जहीरने घरी सांगितलं होतं.

"पहिले खाय, बेटा," तो म्हणाला. "गांगरलेल्या माणसाच्या हातानं गाडी नाई निघत."

त्या दिवसापासून तो उमाजीला बेटाच म्हणू लागला. त्याला मूलबाळ नव्हतं. उमाजीला ते म्हणणं इतकं आवडलं की तो गावी निरोप धाडताना बायकोला, ताराला, आवर्जून सांगायचा, उस्ताद मले पोरासारखा वागवून राह्यला म्हणून.

वैशाखात जंगल वाळून कोरडंठाक झालं. दिवस कलायला लागला की जहीर गाडी कडेला घेई आणि उतरून पलीकडे येई. "आता तू घे. सांजच्या वक्ताले गाडी चालवणं शिकलं पाह्यजे." उमाजी खूश होई. चांद्याच्या दिशेने तोंड असलं की मावळतं ऊन समोरून डोळ्यांत यायचं, झाडांच्या लांब सावल्या रस्त्यावर आडव्या पडायच्या, आणि अशा वेळी भरलेली गाडी आपल्या हातात देणारा उस्ताद केवढा विश्वास टाकतोय, असं त्याला वाटायचं. जहीर शेजारी बसून विचारत राही. पुढे काय दिसून राह्यलं? वळण कोणत्या हाताले? बाजूले कोणी चालून राह्यलं काय? उमाजी सांगत जाई. त्याला वाटे, आपली परीक्षाच चालू आहे.

मग एके दुपारी ते झालं. गोंडपिपरीच्या अलीकडे गाडी जहीर चालवत होता. रखरखीत उन्हातून रस्ता एकदम मोहाच्या झाडांच्या दाट सावलीत शिरला. त्या सावलीत एक बैलगाडी हळूहळू चालली होती. वरती एक म्हातारा आणि त्याच्या मांडीला टेकून झोपलेली बाई. उमाजीला वाटलं उस्ताद आता वेग कमी करेल, आता करेल. जहीरने केला नाही. उमाजी ओरडला तेव्हा कुठे त्याने ब्रेक दाबला. ट्रक वाकडा होऊन थांबला. बैलगाडीच्या मागच्या दांड्यात आणि ट्रकच्या नाकात हातभर जागा उरली होती. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं आणि बैल हाकत तसाच पुढे गेला.

जहीरने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते. तो म्हणाला, "धूळ किती उडून राह्यली."

धूळ नव्हती. उमाजीला ते दिसत होतं. तो काहीच बोलला नाही. उस्तादला काय बोलायचं? चहाच्या दुकानात जहीर बशीत चहा ओतताना आधी बोटाने कड चाचपतो, नाक्यावरची पाटी आपल्याकडून वाचून घेतो, हेही त्याने पाहिलं होतं. पाटीबद्दल त्याची समजूत होती की उस्तादला वाचता येत नसेल. त्या दुपारी या सगळ्या गोष्टी एकमेकींजवळ येऊन उभ्या राहिल्यासारख्या झाल्या, पण उमाजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं. तेव्हापासून तो दुपारीही म्हणू लागला, उस्ताद, आणा, मी घेतो. जहीर कधी देई, कधी देत नसे.

मृगाच्या तोंडावर आभाळ भरून यायला लागलं. आष्टीची वाट केव्हाही बंद होईल अशी लक्षणं होती. त्या गडबडीत एके सकाळी मॅनेजरसाहेबांनी उमाजीला कचेरीत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. चहा मागवला. उमाजी आयुष्यात पहिल्यांदा कचेरीतल्या खुर्चीवर बसला होता, तेही अगदी कडेला. साहेबांनी घाटातल्या गियरचं विचारलं, साखळीचं विचारलं, वाळूत रुतलेल्या गाडीचं विचारलं. उमाजीने सगळं धडाधडा सांगितलं. साहेब खूश दिसले. त्यांनी सहज विचारलं, की जहीरकडून सगळ्यात कामाचं काय शिकलास.

उमाजीला उस्तादचा मोठेपणा सांगायचा होता. निदान सुरुवातीला तरी त्याच्या मनात तेवढंच होतं. "सांजची गाडी चालवणं, साहेब," तो म्हणाला. "दिवस कलला की उस्ताद गाडी मलेच देतात."

"रोज?"

"हाव. रोज."

"आणि स्वतः?"

"बाजूले बसून राह्यतात. रस्ता कसा दिसून राह्यला ते मले विचारतात."

साहेबांनी कप बशीत ठेवला. त्यांचा चेहरा बदलला आणि तो बदललेला उमाजीने पाहिला. त्याच क्षणी त्याला कळलं, आपण काय बोलून गेलो. अजून वेळ होता. तो म्हणू शकला असता की मीच मागून घेतो साहेब, मला सवय व्हावी म्हणून. एवढं एक वाक्य पुरलं असतं कदाचित. पण साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. ते म्हणाले, ठीक आहे, तुझी उमेदवारी संपली, तुला गाडी देतो. आणि उमाजीच्या तोंडून जे निघालं ते त्याला पुढे कितीदा तरी आठवत राहिलं. तो म्हणाला, "मेहरबानी, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात आला तर त्याला सांगण्यात आलं की आलापल्लीची शेवटची खेप तू एकट्याने कर, जहीरची गाडी घे. केबिनमधलं जहीरचं घोंगडं नव्हतं, पाण्याची सुरई नव्हती. फाटकावरच्या चौकीदाराने घडलं ते सांगितलं. आदल्या संध्याकाळी साहेबांनी जहीरला आवाराच्या मधोमध उभं केलं, स्वतः लाकडांच्या थप्पीपाशी गेले आणि विचारलं, माझ्या हातात काय आहे. जहीरने थोडा वेळ त्या दिशेने पाहिलं आणि म्हणाला, साहेब, राहू द्या. त्याने वाद घातला नाही. फक्त विचारलं, कोणी सांगितलं. साहेबांनी सांगून टाकलं, तुझ्याच चेल्याने.

उमाजी गाडी घेऊन गेला. जाणं भाग होतं, नदीची वाट बंद होणार होती. पहिल्यांदा एकट्याने भरलेली गाडी चालवायची म्हणून किती दिवस वाट पाहिली होती त्याने. त्या वाटेवर त्याचं काही चुकलं नाही. वाळूत गाडी रुतली नाही, साखळी सैल पडली नाही. नदीकाठी त्याने गाडी थांबवली, पण जवळ खायला काही नव्हतं आणि भूकही नव्हती. त्याने ठरवलं होतं की परत आल्यावर सरळ घुटकाळा मोहल्ल्यात उस्तादच्या घरी जायचं. गेला नाही. उद्या जाऊ म्हणाला. मग पाऊस लागला, जंगलाचे रस्ते बंद झाले, आणि तो गावी निघून गेला.

गावी भाताची रोवणी चालली होती. ताराला दिवस गेले होते. उमाजीला ट्रक मिळाला म्हणून बापाने चार लोकांना बोलावून मासे खाऊ घातले. शेवटी एकदा बांधावर बसून त्याने ताराला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "मंग तुमी त्यायच्या घरी गेले होते काय?"

"नाई."

"काऊन?"

ताराने सुक्या मासोळ्या आणि घरचे तांदूळ बांधून दिले आणि पाऊस उघडल्याबरोबर त्याला चांद्याला धाडलं.

दार नजमाचाचीने उघडलं. उमाजीला तिने आत घेतलं, पाणी दिलं, ताराची विचारपूस केली. त्या बाईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच उमाजीला तिथे बसणं जड जाऊ लागलं. तिने जे सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. जहीरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं की पिकला की काढू. दरवर्षी पावसाळ्यात गाड्या बंदच असतात. या पावसाळ्यात नागपूरला जाऊन डोळे करून यायचे आणि दिवाळीनंतर पुन्हा गाडीवर बसायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. कोणाला कळायचंही कारण नव्हतं. तेवढा एक उन्हाळा काढायचा होता, आणि तो जवळजवळ निघालाच होता.

मागच्या अंगणातून जहीर आला. भिंतीला हात लावत आला. नजमाने कोण आलंय ते सांगितलं.

"या, उमाजीभाऊ," तो म्हणाला. "बसा."

उमाजी उठून उभा राहिला होता, तो तसाच राहिला. "उस्ताद, मले समजलं नव्हतं. साहेबानं विचारलं आणि मी बोलून बसलो."

जहीर खाटेवर बसला. "तुम्ही खोटं नाई बोलले. डोये गेलेच होते माहे. कोणाचा जीव गेला असता माह्या हातानं, तर मी कुठी तोंड दाखवलं असतं?"

उमाजीच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. पण जहीरचं बोलणं संपलं नव्हतं.

"एक सांगा मले. त्या बैलगाडीच्या दिवशी तुमच्या ध्यानात आलं होतं ना?"

उमाजीने नजमाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "थोडं आलं होतं."

"मंग तवा मले काऊन नाई बोलले? मले बोलले असते तर मी त्याच दिवशी गाडीतून उतरलो असतो. माह्या मनानं उतरलो असतो."

नजमाने चहा आणला. जहीरने मासोळ्यांचा वास घेऊन कुरखेड्याकडच्या तलावांची चौकशी केली, भात कसं आहे विचारलं. पाहुण्याशी बोलावं तसं तो नीट, सभ्यपणे बोलला. निघताना उमाजी त्याच्या पायाशी वाकला तेव्हा त्याने खांद्याला धरून त्याला वर उचललं आणि म्हणाला, "राहू द्या, भाऊ."

मोतीबिंदू पिकल्यावर दिवाळीच्या सुमाराला जहीर नागपूरला जाऊन आला. एका डोळ्याचं काम चांगलं झालं, दुसऱ्याचं नाही. जाड भिंगाचा चष्मा लागला. आता नाक्यावरची पाटी त्याला दुरून वाचता येते असं नजमाने उमाजीला सांगितलं, तेव्हा उमाजी तिथून निघाला तो थेट कचेरीत गेला. साहेबांना म्हणाला, उस्तादले आता दिसते, त्यायले परत घ्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाड्या आहेत तेवढ्याच आहेत, उमाजी. त्याला घ्यायचं तर एकाला उतरावं लागेल. तू उतरतोस?"

तारा तेव्हा चांद्याला आली होती. बाबूपेठेत एक खोली घेतली होती, आणि बाळंतपण जवळ आलं होतं. उमाजी दारात उभा होता. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ते आपल्या कामाला लागले. त्या कचेरीतून दुसऱ्यांदा तो आपली जागा राखून बाहेर आला.

थंडी सरता सरता जहीरला मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये चौकीदारीचं काम लागलं. मिलवाल्याने राहायला खोली देऊ केली होती. घुटकाळ्यातलं बिऱ्हाड हलणार हे कळलं तसा उमाजी साहेबांना विचारून ट्रक घेऊन गेला. सामान मूलला मी पोचवून देतो, म्हणाला. जहीर दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याने मान हलवली. सामान फार नाही, म्हणाला, रेल्वेने जाईल. उमाजीने आणखी एकदा म्हटलं. जहीरने आणखी एकदा नको म्हटलं. शेवटी नजमानेच दोन पेट्या तेवढ्या स्टेशनापर्यंत ट्रकमध्ये ठेवायला सांगितल्या. ती दोघं टांग्याने मागून आली.

चांदा फोर्टच्या स्टेशनावर मूलकडे जाणारी छोटी गाडी लागली होती. उमाजीने पेट्या डब्यात चढवल्या, बाकाखाली नीट सारल्या. नजमा खिडकीशी बसली आणि ताराच्या बाळाला घेऊन मूलला ये म्हणाली. उमाजीने येतो म्हटलं. वाटभर त्याने मनात एक वाक्य तयार केलं होतं. माफ करा उस्ताद, मी तोंड उघडायचं तिथे उघडलं नाही, आणि उघडायचं नव्हतं तिथे उघडलं. ते त्याच्या जिभेवर होतं. जहीर डब्याच्या दाराशी उभा होता, चष्म्यातून त्याचे डोळे फार मोठे दिसत होते आणि ते सरळ उमाजीकडे पाहत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्याचा चेहरा नीट पाहत असावा.

"तुमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा कुरकुरून राह्यला," जहीर म्हणाला. "टांग्यातून आयकू आलं. मोडायच्या आधी बदलवून घ्या."

"हाव, उस्ताद."

"लाकडं भरून नेऊ नका तसं."

"नाई नेत."

गार्डाने शिटी दिली. जहीर आत जाऊन नजमाच्या बाजूला बसला. छोटी गाडी हलली, फलाटावरून सरकत बाहेर पडली. उमाजी तिच्यासोबत चार पावलं चालला आणि थांबला. आवारातून आलापल्लीला जायची वेळ झाली होती, हमाल वाट पाहत असतील. तो स्टेशनाबाहेर आला, ट्रकच्या मागे जाऊन चाकापाशी उकिडवा बसला आणि पाट्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच बसून राहिला.